आरशातला डावा हात

क्लचबाईंनी ती हकीकत इतक्यांदा सांगितली होती, की आता कोणी "नेमकं झालं तरी काय?" असं विचारलं की त्यांची कपाळाची शीर उडायला लागायची. पोलीस ठाण्यात सांगितली, परवाना कार्यालयात सांगितली, नणंदेला फोनवर तीनदा सांगितली, आणि चौथ्यांदा नणंदेने शेजारणीला ऐकवायला फोन स्पीकरवर टाकला तेव्हाही सांगितली. कुठूनही सुरू केली तरी ती एकाच ठिकाणी संपायची. "एकच मारला. एकच."

बाई बावीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होत्या. गावातल्या रस्त्यांवर जेवढे लोक बरी गाडी चालवतात त्यांतले निम्मे त्यांचे, आणि जे वाईट चालवतात ते सगळे दुसऱ्यांचे, असं त्यांचं ठाम मत होतं. शिकवताना त्या दर अर्ध्या मिनिटाला "क्लच!" असं ओरडायच्या, म्हणून हे नाव पडलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी नवरासुद्धा चष्म्याच्या दुकानातून फोन करून "क्लचबाई आहेत का घरी?" असं विचारायला लागला.

तर झालं ते असं. सकाळचे अकरा वाजले होते. स्टिअरिंगवर एक निवृत्त ग्रंथपाल होते, वय वर्षं त्रेसष्ट. बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिला, तिला बसच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून या वयात गाडी शिकायला निघालेले. माणूस सज्जन, पण सांगितलेलं अक्षरशः पाळणारा. "पुढच्या वळणावर डावीकडे घ्या" म्हटलं, आणि पुढचं वळण एखाद्या बंगल्याच्या फाटकाचं निघालं, तर हे फाटकात शिरणार. चढावरच्या सिग्नलला त्यांनी गाडी एकदा बंद पाडली, दोनदा बंद पाडली, आणि हिरवा दिवा लागून गेल्यावर तिसऱ्यांदाही बंद पाडली.

मागे काळ्या गाडीत एक टाइल्सचा व्यापारी होता. त्याचा हात भोंग्यावरून निघेचना.

"मागचा भोंगा आपला नाही," बाई ग्रंथपालांना म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आपण आपलं काम करायचं. क्लच दाबा."

तेवढ्यात डिकीवर धाडकन काहीतरी आपटलं. रिव्हर्स पार्किंगच्या सरावासाठी बाई चार लोखंडी खांब सोबत ठेवायच्या. लांबीला कंबरेएवढे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. ते डिकीत पूर्ण मावायचे नाहीत, म्हणून झाकण दोरीने बांधलेलं असायचं. त्या दणक्याने दोरी सुटली, झाकण वर उडालं आणि एक खांब घरंगळत रस्त्यावर पडला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शिकवणारीची सवय जाते कुठे? उतरण्याआधी त्यांनी ग्रंथपालांना सगळं सांगितलं. न्यूट्रल करा. हँडब्रेक ओढा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मान अजिबात वळवायची नाही, मागचं सगळं आरशात बघायचं. नवशिक्याने मान वळवली की मानेबरोबर स्टिअरिंगही वळतं, म्हणून हा नियम त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी घोकायला लावायच्या.

खाली उतरून त्यांनी पडलेला खांब उचलला. टाइल्सवाला चालकाच्या बाजूने, मागच्या चाकापाशी उभा होता. हातात चाकाच्या बोल्टांचा लांब पाना. तोंडात जे होतं ते लिहिण्यासारखं नाही. बाई म्हणाल्या, "खाली ठेव तो." त्याने पाना वर उचलला आणि एक पाऊल पुढे आला. बाईंनी खांब फिरवला. पाना खणकन रस्त्यावर पडला, आणि टाइल्सवाल्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

झालं एवढंच. म्हणजे बाईंच्या हिशेबी एवढंच.

त्यांना वाटलं होतं, पोलीस येतील, पाना बघतील, त्या माणसाला दोन शब्द सुनावतील आणि आपण साडेबाराच्या विद्यार्थ्याला वेळेवर घेऊ. पोलीस आले. त्यांनी पाना उचलला, खांबही उचलला, दोन्हींना चिठ्ठ्या लावल्या आणि बाईंनाच गाडीत बसवलं. कारण टाइल्सवाल्याचं मनगट मोडलं होतं आणि बाईंच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

"मग मी काय करायचं होतं?" बाईंनी ठाण्यातल्या अंमलदाराला विचारलं. "त्याने माझं डोकं फोडेपर्यंत थांबायचं होतं?"

"तसं नाही हो बाई," तो लिहिता लिहिता म्हणाला. "पण डोकं फुटलं असतं तर कागद सोपे झाले असते."

संध्याकाळी सोडवायला दीर आले. दीर वकील होते. हेच दीर पंधरा वर्षांपूर्वी बाईंकडे गाडी शिकायला येत, आणि रिव्हर्स घेताना त्यांनी चारपैकी तीन खांब पाडले होते. तेव्हापासून ते रिक्षाने फिरत. बाईंचा त्यांच्यावर जीव होता, विश्वास मात्र बेताचा होता.

"वहिनी, घाबरू नका," ते म्हणाले. "स्वतःच्या बचावाचा हक्क कायद्यात आहेच. तुम्ही मारलंत हे आपण नाकारायचंच नाही. फक्त तीन गोष्टी दाखवायच्या. धोका खरा होता. तुम्ही मारलंत तेव्हा तो समोर होता. आणि धोका टाळायला लागतं त्यापेक्षा जास्त तुम्ही काही केलं नाहीत. धोका संपला की हक्कही संपतो. त्यानंतरचं सगळं मारहाणीत जमा."

"एकच मारला, भाऊजी. एकच."

"मग प्रश्नच नाही."

प्रश्न होता, आणि तो आठवड्याभरात दारात आला. परवाना कार्यालयाचं पत्र: गंभीर दुखापतीचा खटला चालू असल्याने निकाल लागेपर्यंत शिकवण्याचा परवाना स्थगित. दोष सिद्ध झाल्यास कायमचा रद्द. बाईंनी ते पत्र ओट्यापाशी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. बावीस वर्षं त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं अशी इच्छाही नव्हती. गाडीवर कापडी खोळ चढली. सकाळी साडेसहाला उठायची सवय काही जाईना, म्हणून बाई साडेसहाला उठून खोळ झटकायच्या आणि परत घालायच्या.

आता सल्ला द्यायला सगळे मोकळे झाले. नणंद म्हणाली, उतरायलाच नको होतं. शेजारचे म्हणाले, उतरलीस ते ठीक, पण खांब कशाला घेतलास? एक जुना विद्यार्थी घरी येऊन म्हणाला, "मॅडम, गुडघ्यावर मारायचं, मनगट लगेच मोडतं." जणू बाईंनी रस्त्यात उभं राहून आधी आकृती काढायला हवी होती. सगळ्यांना पुरेसा वेळ होता, सगळ्यांना आता सगळं सुचत होतं. बाईंकडे तेव्हा फार तर दीड सेकंद होता आणि त्यात नणंदेचा फोन घेणं बसत नव्हतं.

एवढं होऊनही बाईंना धीर होता, कारण त्यांच्याकडे साक्षीदार होता. इतर बघ्यांपैकी कोणी पुढे आला नाही. ज्यांनी मोबाईल वर धरले होते त्यांच्याकडे ऐन वेळी बाईंची पाठ आणि डिकीचं झाकण एवढंच आलं होतं. पण ग्रंथपाल गाडीत होते. चाळीस वर्षं नोंदी ठेवलेला माणूस. खोटं बोलणार नाही आणि चुकणार तर त्याहून नाही.

ग्रंथपालांच्या जबाबाची प्रत घेऊन दीर आले, तेव्हा त्यांचा चेहरा रिव्हर्स घेतानाचा झाला होता.

"वहिनी, पाना त्याच्या कुठल्या हातात होता?"

"उजव्या."

"नक्की?"

"भाऊजी, मी त्याच हातावर मारलं ना. तोच मोडला ना."

दिरांनी प्रत पुढे केली. ग्रंथपालांनी स्वच्छ सांगितलं होतं: सदर इसमाने डाव्या हातात पाना धरून तो वर उचलला. मॅडमनी हातातील खांब मारला. पाना खाली पडला.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "हे काय लिहिलंय?"

"आणि याचा वास टाइल्सवाल्याला लागलाय," दीर म्हणाले. "आधी तो म्हणत होता, माझ्या हातात काही नव्हतंच. आता म्हणतो, टायर बसल्यासारखं वाटलं म्हणून पाना घेतला होता, पण डाव्या हातात, खाली धरलेला. उजवा रिकामा हात बोलताना हलवत होतो, त्यावर बाईंनी मारलं आणि धक्क्याने पाना सुटला. तुमचाच साक्षीदार सांगतो, पाना डाव्या हातात. मोडलंय उजवं मनगट. म्हणजे तुम्ही रिकामा हात मोडलात. धोका डावीकडे, फटका उजवीकडे. बचाव संपला."

बाईंनी पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"ग्रंथपालांकडे. डावं-उजवं शिकवून येते."

दीर दारात आडवे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रस्ता नीट अडवला. "वहिनी, साक्षीदाराशी खटल्याबद्दल एक शब्द बोललात, तर तो दुसरा गुन्हा. साक्षीदाराला पढवलं म्हणतील. मग परवाना राहिला बाजूला, तुम्हीच आत जाल."

म्हणजे चुकीचं शिकलेला विद्यार्थी समोर आहे, चूक काय ते दिसतंय, आणि शिकवणारीने तोंड उघडायचं नाही. याहून मोठी शिक्षा बाईंना कुठल्याच न्यायाधीशाने दिली नसती.

त्यात ग्रंथपाल भेटायचे थांबेनात. दुसऱ्या कुठल्या शिकवणीला ते गेले नव्हते. "मॅडमचा परवाना परत आला की उरलेले धडे घेईन," असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं आणि बायकोला तोवर टॅक्सीने दवाखान्यात नेत होते. किराणा दुकानात गाठ पडली की छत्री सावरत पुढे यायचे.

"मॅडम, त्या दिवशीचं मी अगदी जसंच्या तसं सांगितलं हो पोलिसांना. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

बाई साबणाच्या वड्यांकडे बघत उभ्या राहायच्या. "काका, मला तुमच्याशी बोलता येत नाही," एवढंच म्हणून त्या सामान न घेता बाहेर पडायच्या. एकदा तर हळद आणायला गेल्या आणि चार दिवस घरात हळद नव्हती.

उलगडा झाला तो नवऱ्याच्या दुकानात. काम नाही म्हणून बाई दुपारी तिथे जाऊन बसायला लागल्या होत्या आणि गिऱ्हाइकांना नको ते चष्मे सुचवत होत्या. दुकान अरुंद. डोळे तपासायला जेवढं अंतर लागतं तेवढं त्यात नव्हतं, म्हणून नवऱ्याने अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावला होता आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून अक्षरं वाचायचं. बाईंनी हे हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांचं लक्ष भिंतीवरच्या मूळ तक्त्याकडे गेलं. त्यावरची सगळी अक्षरं उलटी छापलेली होती.

"ही उलटी का आहेत?"

"आरशात सुलटी दिसायला," नवरा भिंगं बदलत म्हणाला. "तुला वीस वर्षांनी दिसलं होय?"

बाई ताडकन उठल्या. ग्रंथपालांनी मान वळवली नव्हती. का वळवली नव्हती? कारण क्लचबाईंनी सांगितलं होतं. डिकीचं झाकण उघडं, आतल्या आरशात काही दिसायला जागा नाही. म्हणजे त्यांनी बाहेरच्या आरशात बघितलं. आरशातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असल्यासारखा दिसतो, आणि त्याचा उजवा हात डावा वाटतो. दिसलं ते बरोबर होतं. फक्त बाजू बदलली होती. आणि हे सगळं स्वतःच्या शिकवण्याने स्वतःच्या गळ्याशी आलं होतं, हे कळल्यावर राग काढायला कोणी उरलंच नाही.

"उत्तम," हे ऐकल्यावर दीर म्हणाले. "आता तुम्ही गप्प. हे मी त्यांच्याकडून कोर्टात काढून घेतो."

कोर्टाची तारीख सात महिन्यांनी लागली. न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या, सर्दी झालेल्या. टाइल्सवाला पुढच्या बाकावर बसून उजवं मनगट सारखं गोल फिरवत होता. रस्त्यावर तो आडदांड वाटला होता. इथे त्याचा शर्ट त्याला सैल होता.

सरकारी वकिलांनी ग्रंथपालांना घोळात घेतलं. "पाना कुठल्या हातात होता?"

"डाव्या."

"आरोपींनी कुठल्या हातावर मारलं?"

"ज्यात पाना होता त्याच. डाव्या."

"पण डॉक्टर म्हणतात, उजवं मनगट मोडलंय."

"मग ते डॉक्टरांना विचारा. मी मला दिसलं ते सांगतोय."

हसू पसरलं. बाईंनी कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. दीर उठले. त्यांनी हळुवारपणे विचारलं, की आरशात पाहिल्यामुळे डाव्या-उजव्याची काही गफलत झाली असेल का? ग्रंथपाल ताठ झाले.

"वकीलसाहेब, चाळीस वर्षं मी पुस्तकं जागेवर लावली आहेत. डाव्या कपाटातलं उजव्यात गेलेलं नाही. मला डावं-उजवं कळतं."

"काका," बाईंच्या तोंडून जेमतेम निघालं, आणि न्यायाधीशांनी रुमालावरून त्यांच्याकडे पाहिलं.

दिरांनी मग खिशातून नवऱ्याच्या दुकानातला हातआरसा काढला. न्यायाधीशांची परवानगी घेऊन तो ग्रंथपालांच्या हातात दिला आणि स्वतः त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. हातात लाल फाईल धरून ती डोक्याच्या वर उचलली.

"मान वळवू नका. आरशात बघा. माझ्या कुठल्या हातात फाईल आहे?"

"डाव्या," ग्रंथपाल तत्काळ म्हणाले.

"आता वळा."

ग्रंथपाल वळले. दिरांच्या वर उचललेल्या हाताकडे बघितलं. मग परत आरशात बघितलं, पुन्हा वळले. त्यांनी आरसा कठड्यावर पालथा ठेवला, आणि सगळ्या पुस्तकांची जागा चुकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"उजवा आहे," ते म्हणाले. "म्हणजे तोही उजवाच होता. बाईसाहेब, माझं चुकलं. दिसलं ते खरं होतं, सांगताना चुकलं."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. नाक पुसून म्हणाल्या, "म्हणजे आरशात जे दिसलं ते तुम्हाला स्पष्ट दिसलं होतं?"

"अगदी स्पष्ट."

बाईंचा जीव भांड्यात पडला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पाठ बाकाला टेकली. उद्या साडेसहाला खोळ काढायची आणि परत घालायची नाही, असं मनात येऊनही गेलं. सरकारी वकिलांनी पेनचं टोपण लावलं. इथे दीर खाली बसले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण दिरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक खांबही न पाडता रिव्हर्स घेतला होता, आणि त्यांना वाटलं, आणखी थोडं मागे घेऊन बघावं.

"तर मग," ते हात पसरून म्हणाले, "न्यायालयाला सांगा, आरशात तुम्हाला शेवटपर्यंत काय काय दिसलं."

ग्रंथपालांनी घसा साफ केला. "त्या इसमाने पाना उचलला. उजव्या हातात. मॅडमनी खांब मारला. पाना पडला. तो इसम मनगट धरून वाकला, तोंड दुसरीकडे केलं. मग मॅडमनी त्याला आणखी एक मारला. पाठीवर. मग त्या थांबल्या."

दिरांचे पसरलेले हात तसेच राहिले.

"हे तुम्ही जबाबात सांगितलं नव्हतं," न्यायाधीश म्हणाल्या.

"मला विचारलं नव्हतं. पाना पडला म्हटल्यावर अंमलदारांनी वही मिटली."

क्लचबाईंना आधी राग आला. हा माणूस वेडा आहे, असं वाटलं. मग त्यांच्या उजव्या हाताला काहीतरी आठवलं. डोक्याला नाही, हाताला. पहिला फटका हाडावर बसला होता, त्याने तळवा झिणझिणला होता. आणि त्यानंतर एक मऊ, दबका धक्का, गादी झटकल्यासारखा. शर्टाची पाठ. तो वाकलेला होता. पाना बाईंच्या पायाशी पडलेला होता. त्यांना तेव्हा भीती वाटत नव्हती. त्यांना बरं वाटलं होतं.

सात महिने "एकच" म्हणताना त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी तो दुसरा कुठेतरी ठेवून दिला होता आणि परत तिकडे बघितलंच नव्हतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. साधी, सरळ, मान खाली घालायला लावणारी लाज.

दीर वाकून कानाशी आले. "वहिनी, आठवत नाही म्हणा. म्हातारा माणूस आहे, आत्ताच एकदा चुकलाय. दुसऱ्यांदाही चुकला असेल, असं म्हणता येतं."

म्हणता येत होतं. पण तसं म्हटलं की ग्रंथपालांचा आरसाच खोटा ठरणार, आणि मग उजवा हातही खोटा. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो बिचारा माणूस पिंजऱ्यात उभा राहून त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होता, की धडा बरोबर म्हणून दाखवला ना मॅडम? बावीस वर्षांत बाईंनी बरोबर उत्तराला कधी चूक म्हटलं नव्हतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपींना यावर काही सांगायचंय?"

बाई उभ्या राहिल्या. "साक्षीदारांना बरोबर दिसलं. दोन मारले. पहिला भीतीने मारला. दुसरा रागाने."

दिरांनी डोळे मिटून घेतले.

बाहेरच्या व्हरांड्यात टाइल्सवाला पाण्याच्या पिंपापाशी उभा होता. बाई जाऊन त्याच्यासमोर थांबल्या. तो नकळत एक पाऊल मागे सरला.

"पहिल्याबद्दल मी माफी मागणार नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याबद्दल मागते."

तो मनगट फिरवत राहिला. "माझ्या तक्रारीत सात फटके लिहिलेत," तो म्हणाला. "सात सांग, म्हणजे दोन तरी धरतील, असं मला सगळे म्हणाले." मग म्हणाला, "पाना मी उचलला होता." हे त्याने आत सांगायला हवं होतं. पण बाई आता कोणावर वैतागायच्या अवस्थेत नव्हत्या.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. पहिला फटका बचावाचा, म्हणून मनगटाचा दोष नाही. दुसरा बचावात बसत नाही, साधी मारहाण, ताकीद आणि एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी. परवाना रद्द नाही, पण आणखी सहा महिने बंद, आणि त्यानंतर शिकवण्याची परीक्षा पहिल्यापासून पुन्हा. नणंद म्हणाली, गप्प बसली असतीस तर सुटली असतीस. बाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि तिचं बोलून होईपर्यंत भांडी घासली.

सहा महिन्यांनी परीक्षा घ्यायला जो अधिकारी बसला होता, तो बाईंचाच अकरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. त्याने कुठल्याही सवलतीविना दीड तास घासून घेतलं आणि एक गुण कापला, कारण बाईंनी बाजूला वळताना नुसता आरसा बघितला, मान वळवून मागे पाहिलं नाही. "आरशाच्या कडेला एक जागा राहते मॅडम, तिथलं आरशात येत नाही," तो म्हणाला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. पण त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दाराशी ग्रंथपाल छत्री घेऊन हजर. खोळ निघाली. ते बसले, पट्टा लावला, आरसा बोटाने सारखा केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ समोर बघायला लागले.

"आता मान वळवून मागे बघा," बाई म्हणाल्या.

ग्रंथपाल गोंधळले. "मॅडम, मान वळवायची नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं होतं. बघा मागे."

ग्रंथपालांनी मान वळवली. मानेबरोबर स्टिअरिंगही वळलं. बाईंनी एक हात पुढे करून ते सरळ केलं. गाडी गल्लीतून निघाली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि चढावरच्या त्याच सिग्नलला ग्रंथपालांनी ती बंद पाडली.

"क्लच," बाई म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला. गाडी दुसऱ्यांदा बंद पडली. मागून कोणीतरी भोंगा वाजवला, मग हात न उचलता वाजवत राहिला. मग दार उघडल्याचा आवाज आला.

ग्रंथपालांनी बाईंकडे बघितलं. बाईंचा हात दाराच्या कडीवर गेला होता. एक क्षण तो तिथेच राहिला. मग त्यांनी खटका खाली दाबून दार आतून बंद केलं, हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "चला काका. क्लच दाबा, पहिला टाका. आपल्याला वेळ आहे."